हात लावावा लागणार नाही असा मजकूर

घरी बसून मराठी लेखनाची कामं करायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो, कामं मिळवायची कुठून? खरं तर कामाचे प्रकार भरपूर आहेत. भाषांतर, मुद्रितशोधन (म्हणजे छपाईआधी मजकुरातल्या चुका शोधून सुधारणं), माहितीपत्रकं, संकेतस्थळांचा मजकूर, व्हिडिओच्या संहिता, संस्थांच्या स्मरणिका, कुणाच्या तरी आत्मकथनाचं शब्दांकन. पहिलं काम ओळखीपाळखीतून मिळूनही जातं. गाडी अडते ती दुसऱ्या कामाला. काम देणारा परत येतो त्याचं एकच कारण असतं: तुमच्या मजकुराला त्याला हात लावावा लागला नाही. त्याच्या डोक्यावर दहा गोष्टी असतात. मजकूर आला, एकदा वाचला, पुढे पाठवला, एवढंच त्याला हवं असतं. शैली झकास असली पण अध्यक्षांचं आडनाव चुकलं, किंवा २०० शब्द सांगितले असताना ३४० आले, तर पुढच्या वेळी तो दुसऱ्या कुणाला तरी फोन करतो. का केला, हे तुम्हाला कळवतही नाही.

म्हणून लेखनकौशल्य वाढवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, याचं माझं उत्तर सरळ आहे. दुसऱ्याला हात लावावा लागणार नाही असा मजकूर दर वेळी, ठरलेल्या वेळात देता येणं. प्रतिभेपेक्षा सवयीचा भाग यात मोठा आहे, आणि सवयी लावता येतात.

लिहायला बसण्याआधी

निम्मे घोळ काम घेतानाच होतात. "आमच्या दवाखान्यासाठी एक छानसं पत्रक लिहून द्या" एवढ्यावर लिहायला बसू नका. हे कोण वाचणार? कुठे वाचणार, म्हणजे हातात मिळणाऱ्या कागदावर, मोबाइलवर की भिंतीवरच्या फलकावर? वाचून झाल्यावर त्यानं काय करावं अशी अपेक्षा आहे? शब्द किती? शेवटची मान्यता कोण देणार? माहिती कुठल्या कागदांतून घ्यायची? ही उत्तरं फोनवर मिळाली तरी ती पाच-सहा ओळींत लिहून समोरच्याला पाठवा आणि "बरोबर आहे" असं उत्तर आल्यावरच सुरुवात करा.

यातला मान्यतेचा प्रश्न सगळ्यात जास्त विसरला जातो. काम सांगणारी व्यक्ती एक आणि मान्यता देणारी दुसरी असेल, तर तिसऱ्या खर्ड्यानंतर "साहेबांना वेगळंच हवं होतं" असं ऐकावं लागतं. मान्यता देणाऱ्याला पहिल्या १५० शब्दांचा नमुना आधी दाखवायचा. भाषेचा सूर जमलाय की नाही, ते तिथेच कळतं.

वाक्य सोपं करणं म्हणजे माहिती शोधणं

सरावासाठी फुकट आणि उत्तम साहित्य हवं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर विभागवार ठेवलेले शासन निर्णय घ्या. एक निर्णय निवडा आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावता येईल अशी सूचना त्यातून तयार करा. अशा निर्णयांत या धर्तीचं एखादं वाक्य हमखास सापडतं:

"सदर योजनेअंतर्गत लाभार्थ्यांनी विहित नमुन्यातील अर्ज आवश्यक त्या कागदपत्रांसह संबंधित कार्यालयास विहित मुदतीत सादर करणे बंधनकारक राहील."

नवखा लेखक इथे शब्द बदलतो. "सदर"चं "या" करतो, "विहित"चं "ठरावीक" करतो, "सादर करणे"चं "देणे" करतो. वाक्य थोडं मऊ होतं, पण वाचणाऱ्याला अजूनही काहीच कळलेलं नसतं. कुठला नमुना? कुठले कागद? कुठलं कार्यालय? कधीपर्यंत? ही चारही उत्तरं त्या वाक्यात नाहीतच. ती निर्णयाच्या दुसऱ्या परिच्छेदात, परिशिष्टात किंवा सोबतच्या जाहिरातीत असतात. ती शोधून आणली की वाक्य आपोआप असं होतं:

"अर्जाचा नमुना ग्रामपंचायतीत मिळेल. तो भरा. सोबत आधार कार्ड, सातबारा आणि बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत जोडा. ३१ ऑगस्टपर्यंत पंचायत समितीच्या कृषी विभागात द्या."

आता "बंधनकारक राहील" याचं काय करायचं? "मुदतीनंतर अर्ज घेतला जाणार नाही" असं लिहायचा मोह होतो, कारण ते खणखणीत वाटतं. पण निर्णयात तसं म्हटलेलं नसेल तर ते लिहिण्याचा अधिकार तुम्हाला नाही. उशिरा आलेल्या अर्जाचं काय करायचं हे दुसऱ्या कलमात दिलेलं असू शकतं. तिथे थांबायचं आणि काम देणाऱ्याला विचारायचं. सोपं लिहिणं आणि अर्थ बदलणं यांतली सीमा इथे असते. ती ओळखता येणाऱ्या लेखकाला बँका, रुग्णालयं, पतसंस्था पुन्हा पुन्हा बोलावतात.

आठवड्याला असा एक निर्णय घ्या. आधी २५० शब्दांत लिहा, मग तोच मजकूर १२० शब्दांत, मग मोबाइलवर पाठवण्यासाठी ४० शब्दांत. ४० शब्दांत काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ठरवताना जो विचार करावा लागतो, तोच या धंद्यातला खरा अभ्यास आहे. तारीख आणि ठिकाण कधीच गळू द्यायचं नाही. प्रस्तावना सगळ्यात आधी उडवायची.

प्रस्तावनेवरून आठवलं. "आजच्या धावपळीच्या युगात" किंवा "माहिती-तंत्रज्ञानाच्या या काळात" अशी सुरुवात झालेला लेख हातात आला की पहिला परिच्छेद पुसून बघा. बहुतेक वेळा काहीही बिघडत नाही. खरा लेख दुसऱ्या परिच्छेदात सुरू झालेला असतो.

मराठीत विचार करून लिहिलेलं वाक्य

सध्या घरून मिळणाऱ्या कामात यंत्रानं केलेलं भाषांतर सुधारून देण्याचं काम बरंच आहे. त्यामुळे कुठल्या गोष्टी मराठीला खटकतात हे नेमकं माहीत असायला हवं. मिक्सरच्या माहितीपुस्तिकेतलं हे वाक्य पाहा: "उपकरण चालू करण्यापूर्वी हे सुनिश्चित करा की झाकण योग्यरित्या बंद केले गेले आहे." व्याकरण जवळपास चालण्यासारखं, पण स्वयंपाकघरात असं कुणी बोलत नाही. "झाकण नीट बसलंय का ते पाहा, मगच मिक्सर सुरू करा." दहा शब्दांत काम झालं, आणि कृतीचा क्रमही वाक्यात उतरला.

सुधारताना काही ठरावीक जागा तपासायच्या. "केले जाते", "दिले गेले आहे" अशी कर्ता लपवणारी क्रियापदं दिसली की हे करणारा कोण, ते विचारायचं. "प्रदान करणे", "उपलब्ध करून देणे", "सुनिश्चित करणे" यांच्या जागी बहुधा "देणे", "मिळणे", "पाहणे" बसतं. "द्वारे" आणि "च्या माध्यमातून" यांचं काम मराठीत "ने", "कडून", "वरून" करतात. "हे", "ते" ही सर्वनामं दर वाक्यात आली असतील तर निम्मी काढून टाकता येतात, कारण आपलं क्रियापदच पुष्कळदा कर्ता सांगतं. आणि "आपण" हा शब्द फार जपून वापरा. "आपण अर्ज भरायचा आहे" यात आपण म्हणजे वाचक, की आपण सगळे? सूचना, माहितीपत्रकं, ॲपमधला मजकूर यांत "तुम्ही" धरा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. वरच्या ओळीत "तुम्ही", खालच्या बटणावर "आपले खाते" हे यंत्राच्या भाषांतरात सर्रास सापडतं.

यंत्राचा मजकूर सुधारताना मूळ मजकूर आधी वाचायचा, मराठी नंतर. उलट केलंत तर यंत्राचं वाक्य डोक्यात बसतं आणि त्यातली अर्थाची चूक दिसेनाशी होते. हे काम मुद्रितशोधनाच्या दरात घेऊ नका. दोन पानं सुधारून पाहा, लागलेला वेळ मोजा, मग दर सांगा. काही मजकूर असा असतो की नव्यानं लिहिलेला बरा.

शुद्धलेखन

याला पर्याय नाही, आणि "भाव कळला की झालं" हे म्हणणं व्यवसायात चालत नाही. प्रमाणलेखनाचे नियम फार थोडे आहेत. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ मध्ये शासनानं स्वीकारले, १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. एकूण १८. पंधरा दिवस रोज अर्धा तास दिला तर ते उदाहरणांसह पक्के होतात.

चुका होतात त्या ठरलेल्या ठिकाणीच. मराठी शब्दातलं शेवटून दुसरं, दीर्घ ई किंवा ऊ असलेलं अक्षर सामान्यरूपात, म्हणजे प्रत्यय लागताना, ऱ्हस्व होतं: वीट, विटेला, फूल, फुलाला, मजकूर, मजकुरात. संस्कृतातून जशाच्या तशा आलेल्या शब्दांत ते दीर्घच राहतं: गीत, गीताला, परीक्षा, परीक्षेला. मूळ संस्कृतात शेवट ऱ्हस्व असलेल्या शब्दांची, एकट्या शब्दाच्या शेवटी दीर्घ आणि समासात ऱ्हस्व, अशी जोडी लक्षात ठेवा: शक्ती पण शक्तिशाली, बुद्धी पण बुद्धिबळ, कृती पण कृतिशील. "महत्त्व", "तत्त्व" आणि "व्यक्तिमत्त्व" यांत दोन त आहेत, कारण मूळ शब्द महत्, तत्, व्यक्तिमत् असे त् नं संपतात आणि त्यांना "त्व" लागतं. "नेतृत्व" आणि "स्वामित्व" यांत एकच. कारण कळलं की पाठांतराची गरज उरत नाही. शब्दयोगी अव्ययं शब्दाला जोडूनच लिहायची: "घरासाठी", "त्याप्रमाणे". मोबाइलवर लिहिणाऱ्यांच्या मजकुरात "घरा साठी" फार येतं, आणि मुद्रितशोधक ते पहिल्या नजरेत पकडतो.

संगणकाची शुद्धलेखन तपासणी लिब्रे ऑफिस या मोफत लेखनप्रणालीत मराठीसाठीही बसवता येते. ती जरूर वापरा. पण "दिन" आणि "दीन", "सुत" आणि "सूत" हे दोन्ही शब्द कोशात असल्यामुळे चुकीच्या जागी आलेला शब्द ती दाखवणार नाही. अडलेल्या शब्दासाठी मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे हे दोन्ही कोश इंटरनेटवर शोधता येतात. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई शब्दकोशांच्या संग्रहात ते आहेत.

टंकलेखन इनस्क्रिप्ट कळफलकावर, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कळरचनेवर शिका. उच्चारानुसार रोमन अक्षरांतून लिहिणं सुरुवातीला सोपं वाटतं, पण जोडाक्षरांवर ताबा राहत नाही. "आचार्यांना" आणि "आचाऱ्यांना" यांत गुरू आणि स्वयंपाकी एवढा फरक आहे. तो दुसरा ऱ इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट दाबून जे या कळीवर मिळतो. ॲ हे अक्षरही एकच पूर्ण अक्षर म्हणून लिहा. अ लिहून त्यावर वेगळी चंद्रकोर चढवली तर डोळ्यांना सारखंच दिसतं, पण शोधताना तो शब्द सापडत नाही.

छपाईच्या कामात आणखी एक अडचण येते. अनेक अक्षरजुळणीकार अजून जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये पानं लावतात. तुमचा युनिकोड मजकूर तिथे रूपांतरित होतो तेव्हा पहिली वेलांटी सरकणं, ऱ्य चा र्य होणं, ॲ नाहीसा होणं, अवतरणचिन्हं बदलणं हे प्रकार होतात. तुमच्या फाइलमध्ये चूक नसते, पण छापलेल्या पानावर बोल तुम्हालाच लागतो. म्हणून काम घेतानाच सांगून ठेवा: छपाईआधीची पीडीएफ मला एकदा दाखवायची.

प्रत्येक ग्राहकासाठी एक पानाचं शैलीपत्रक ठेवा. "करणे" की "करणं"? अंक देवनागरी की रोमन? "वेबसाइट" की "संकेतस्थळ"? संस्थेचं नाव पूर्ण कसं, संक्षेप कसा? पदाधिकाऱ्यांची नावं, पदं आणि त्यांचं अचूक लेखन. एकदा ठरलं की लिहून ठेवायचं. दुसऱ्या कामाच्या वेळी हे पान उघडलं की निम्मे प्रश्न संपलेले असतात, आणि मजकूर मागच्याशी जुळतो हे ग्राहकाच्या लक्षात येतं.

तपासणीच्या फेऱ्या

सगळं एकाच वाचनात तपासता येत नाही. अर्थाकडे लक्ष असलेला डोळा वेलांट्या बघत नाही, वेलांट्या बघणारा डोळा वाक्य तुटलंय का हे बघत नाही. म्हणून फेऱ्या वेगळ्या ठेवायच्या. पहिली फेरी फक्त नावं, आकडे, तारखा, वार, फोन क्रमांक यांची, आणि तीही मूळ कागद शेजारी ठेवून. तारीख आणि वार जुळतात का ते दिनदर्शिकेत पाहायचं. निमंत्रणपत्रिकांत ही चूक नेहमीची. दुसऱ्या फेरीत मोठ्यानं वाचायचं. जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य तोडायचं, जिथे जीभ अडखळते तिथे शब्दक्रम बदलायचा. तिसरी फेरी शुद्धलेखनाची, शक्यतो कागदावर किंवा निदान वेगळ्या फॉन्टमध्ये, थोडं मोठं करून. ओळखीचं रूप बदललं की चुका उठून दिसतात. शेवटी मथळे, उपमथळे, चित्रांखालच्या ओळी स्वतंत्रपणे वाचायच्या. मोठ्या टाइपातली चूक सगळ्यांच्या नजरेतून सुटते, कारण ती चुकलेली असेल असं कुणाला वाटतच नाही.

लिहिणं आणि तपासणं यांच्यामध्ये एक रात्र जाऊ द्या. तातडीचं काम असेल तर निदान दोन तास. ग्राहकाला मुदत सांगताना ही रात्र धरूनच सांगायची.

व्हिडिओच्या संहितेला आणखी एक फेरी लागते, घड्याळ लावून वाचण्याची. कळेल अशा बेतानं वाचलं तर मराठीत मिनिटाला साधारण ११० ते १२० शब्द होतात. पण शब्दसंख्येवर भरवसा ठेवू नका. "१,२४,५००" हा संगणकाच्या हिशेबात एक शब्द, आणि बोलणाऱ्याच्या तोंडी "एक लाख चोवीस हजार पाचशे", म्हणजे पाच. आकडे भरपूर असलेली दोन मिनिटांची संहिता सहज अडीच मिनिटांवर जाते.

वेळ आणि दर

दर ठरवण्याआधी स्वतःचा वेग मोजा. समजा १,००० शब्दांच्या लेखाला माहिती वाचायला एक तास, पहिला खर्डा दोन तास, सुधारणा दीड तास, शेवटची तपासणी अर्धा तास लागतो. झाले पाच तास. शब्दाला एक रुपया घेतलात तर तासाला २०० रुपये पडले. दिवसाचे आठ तास कामाला बसलात तरी फोन, बिलं, दुरुस्त्या यांत दोन-तीन तास जातात, म्हणजे हातात हजारच्या आसपास. हा हिशेब कागदावर मांडला की कुठलं काम परवडतं ते कळतं. लेखन सुधारतं तसा वेळ वाचतो, तो मुख्यतः सुधारणेच्या दीड तासातला. पहिल्या खर्ड्यात घाई करून काही मिळत नाही.

भाषांतरात शब्द कुठल्या मजकुराचे मोजायचे हे आधी ठरवा. मराठीत प्रत्यय आणि अव्ययं शब्दाला चिकटतात, त्यामुळे इंग्रजीतल्या हजार शब्दांचे मराठीत बरेच कमी शब्द होतात. दर मूळ मजकुराच्या शब्दांवर ठेवणं दोघांनाही सोयीचं, कारण रक्कम कामाआधीच कळते. पुस्तकाच्या मुद्रितशोधनाचा दर पानावर किंवा सोळा पानांच्या फॉर्मवर ठरतो. तिथे किती प्रुफं, म्हणजे तपासणीसाठी काढलेल्या कच्च्या प्रती, वाचायची हेही ठरवून घ्या. "एकदा बघून द्या" म्हणता म्हणता तीन वाचनं होतात.

नव्या ग्राहकाकडून निम्मी रक्कम आगाऊ, दुरुस्तीच्या दोन फेऱ्या दरात, त्यापुढे वेगळे पैसे, आणि विषयच बदलला तर नवं काम. हे सगळं कामाच्या पहिल्या पत्रात यायला हवं. केंद्र सरकारच्या उद्यम पोर्टलवर सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी मोफत होते. ती केली असेल तर तो क्रमांक बिलावर लिहा. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार नोंदणीकृत पुरवठादाराचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात आणि ही मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. मुदत ठरलेलीच नसेल तर १५ दिवस.

हक्कांबद्दलही त्याच पत्रात लिहा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे स्वतंत्रपणे काम करणाऱ्या लेखकानं लिहिलेल्या मजकुराचा पहिला हक्कदार लेखकच असतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. करारात कालावधी लिहिला नाही तर तो पाच वर्षांचा धरला जातो, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. शब्दांकनाच्या कामात, जिथे पुस्तकावर नाव दुसऱ्याचं असतं, तिथे तर हे आधीच स्पष्ट हवं: हक्क कायमचे द्यायचे की ठरावीक काळासाठी, आणि ते पूर्ण मानधन मिळाल्यावरच जातील. पुढच्या ग्राहकाला नमुना म्हणून त्यातली दोन पानं दाखवायची असतील, तर तीही परवानगी याच पत्रात मागून घ्या. काम सुरू होण्याआधी ती सहसा मिळते.